कूस बदलताना येणारी चक्कर

‘चक्कर येते’ ही तक्रार घेऊन दवाखान्यात रोज एखादा तरी रुग्ण येतोच. तक्रार दोन शब्दांची असली तरी तिच्यामागे किमान पाच-सहा वेगवेगळी दुखणी असू शकतात, आणि प्रत्येकाचा उपचार निराळा असतो. त्यामुळे रुग्णाने ‘चक्कर’ म्हटले की मी लगेच रक्तदाबाचे यंत्र पुढे ओढत नाही. आधी विचारतो, “चक्कर म्हणजे नेमके काय होते? चक्कर हा शब्द न वापरता सांगा पाहू.”

आपल्या भाषेत यासाठी शब्दांची वाण नाही. एकदम उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे येते ती अंधारी. शुद्ध हरपून माणूस खाली कोसळतो ती भोवळ किंवा घेरी. चालताना पाऊल ठरत नाही, अंग एका बाजूला ओढले जाते, त्याला आपण झोक जाणे म्हणतो. आणि आपण स्थिर असूनही खोली, पलंग, छत आपल्याभोवती फिरू लागते ते गरगरणे. वैद्यकशास्त्रात या गरगरण्याला ‘व्हर्टिगो’ म्हणतात. रुग्णाने यातला योग्य शब्द वापरला तर डॉक्टरांचे अर्धे काम तिथेच होते. आज लिहायचे आहे ते या गरगरण्याच्या एका प्रकाराविषयी. हा प्रकार अतिशय नेहमीचा आहे, त्याने माणूस पार घाबरून जातो, आणि तरीही तो बहुधा कोणत्याही यंत्राशिवाय ओळखता येतो व हातांनी बरा करता येतो.

लक्षणे अगदी ठरावीक असतात. माणूस पहाटे कूस बदलतो आणि खोली भिंगरीसारखी फिरू लागते. तो घाबरून डोळे मिटतो, पलंगाची कड घट्ट धरतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात सारे शांत होते. उठून बसला की पुन्हा एक गिरकी. दिवसभर डोके थोडे जड, पण फिरणे नाही. मग फडताळातला वरचा डबा काढायला मान वर केली, दोरीवर कपडे वाळत घातले, चपलेचा पट्टा लावायला वाकले, न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकली, की पुन्हा तेच. मळमळते, कधी उलटीही होते. ऐकू येणे मात्र पूर्वीसारखेच असते. शुद्ध जात नाही, बोलणे अडखळत नाही.

या आजाराचे नाव लांबलचक आहे, ‘बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो’. थोडक्यात बीपीपीव्ही. बिनाइन म्हणजे जिवाला धोका नसलेली, पॅरॉक्सिस्मल म्हणजे झटक्याने येणारी आणि पोझिशनल म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच येणारी. त्याचे मूळ ना मेंदूत, ना मानेत, ना रक्तदाबात. ते कानात आहे.

कानातले खडे

कान म्हटला की आपल्याला ऐकणे आठवते. परंतु आतल्या कानाचे दुसरे तितकेच महत्त्वाचे काम म्हणजे शरीराचा तोल. गवंड्याच्या पाणसळीत जसा बुडबुडा सरकतो आणि भिंत सरळ आहे की कलली ते कळते, तशी सोय निसर्गाने प्रत्येक कानात करून ठेवली आहे. तिथे तीन बारीक अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की द्रव हलतो, नलिकेच्या टोकाशी असलेला नाजूक पडदा लवतो आणि मेंदूला संदेश जातो की डोके अमुक दिशेने फिरले.

या नलिकांच्या शेजारी एक छोटी पिशवी असते. तिच्या तळाशी चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे, असंख्य स्फटिक असतात. आकार साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. डोके कलले किंवा आपण गाडीत पुढे-मागे झालो की त्यांच्या वजनामुळे ते मेंदूला कळते. हे कण सर्वांच्याच कानांत जन्मापासून असतात, त्यात रोग काही नाही. वय वाढले की त्यांची पकड सैल होते आणि काही कण सुटून शेजारच्या नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा ते पाठीमागच्या नलिकेत जातात, कारण ती सर्वांत खाली असते. आता डोके हलवले की हे कण नलिकेत घरंगळतात आणि द्रवाला ढकलतात. डोके थांबले तरी द्रव सरकतच राहतो, त्यामुळे त्या कानातून ‘आपण फिरत आहोत’ असा संदेश जातो. दुसरा कान व डोळे ‘नाही’ म्हणतात. या गोंधळाचे नाव चक्कर. कण तळाशी बसले की द्रव थांबतो, म्हणून चक्करही मिनिटभराच्या आत थांबते.

पन्नाशीनंतर हा त्रास वाढतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. तरुणांत तो दिसला तर मी मोटारसायकलवरून पडल्याचे किंवा डोक्याला मार लागल्याचे आवर्जून विचारतो. आजारपणात बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर, किंवा आतल्या कानाच्या मज्जातंतूला सूज येऊन गेल्यावरही तो सुरू होतो. पुष्कळांत मात्र कारण सापडत नाही.

मानेचा पट्टा आणि गोळ्यांची पिशवी

काही दिवसांपूर्वी जवळच्या खेड्यातील साठीच्या एका बाईंना त्यांचा मुलगा घेऊन आला. गळ्यात मानेचा पट्टा, मुलाच्या हातात मानेचा एक्स-रे आणि पिशवीभर गोळ्या. दोन महिने उपचार चालू होते. बाई म्हणाल्या, “डाक्टर, आडवं पडलं की आढं फिरतंय.” त्या दोन महिने भिंतीला वाकळा रचून बसल्या-बसल्या झोपत होत्या. रात्री परसात एकट्याने जाणे बंद झाले होते. शेत सुटले होते. मुलगा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “डोक्यात गाठ तर नसेल ना? गाय विकून एमआरआय करावा म्हणतोय.”

आडवे पडल्यावर आढे फिरते, या एका वाक्यात निदान जवळजवळ आले होते. रक्तदाब उतरल्याने येणारी अंधारी माणूस उभा राहिल्यावर येते. आडवे पडल्यावर ती कमी होते. अंथरुणात कूस बदलताना घर फिरते ते रक्तदाबाने नव्हे आणि अशक्तपणानेही नव्हे. असे असता चक्कर म्हटली की सलाईन लावून घेण्याची आपल्याकडे एक पद्धतच पडली आहे. बाटलीभर मिठाच्या पाण्याने कानातले कण जागेवर कसे जाणार?

मानेच्या मणक्यांच्या झिजेचेही तसेच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये थोडीफार झीज दिसतेच, त्यांना चक्कर असो वा नसो. झीज दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, असे होत नाही. पट्ट्याने मान हलत नाही, त्यामुळे चक्कर कमी आल्यासारखी वाटते. कण मात्र नलिकेत तसेच पडून राहतात, आणि पट्टा काढला की पुन्हा फिरते. मग रुग्ण म्हणतो, पट्टा काढवत नाही. मान दुखणे, हाताला मुंग्या येणे यांसाठी मानेची तपासणी जरूर करावी. केवळ कूस बदलताना येणाऱ्या चक्करेसाठी पट्टा बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निदान पक्के करण्यासाठी एक साधी चाचणी आहे. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक या डॉक्टरांनी 1952 साली ती नीट वर्णन करून प्रसिद्ध केली. रुग्णाला टेबलावर पाय लांब करून बसवायचे, मान एका बाजूला अर्ध्या काटकोनात वळवायची, डोळे उघडे ठेवायला सांगायचे आणि डोक्याला आधार देत पटकन उताणे निजवायचे, असे की डोके टेबलाच्या कडेबाहेर किंचित मागे झुकेल. नंतर अर्धा मिनिट रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहत राहायचे. ज्या कानात खडे सुटलेले असतात तो कान खाली आला की काही सेकंद काहीच घडत नाही, आणि मग बुबुळे त्या कानाच्या दिशेने पीळ घेत वर-वर झटके देऊ लागतात. रुग्ण ओरडतो, “आली, आली!” मिनिटाच्या आत डोळे शांत होतात. दुसऱ्या बाजूलाही हीच चाचणी करायची. ज्या बाजूला डोळे नाचले तो कान दोषी.

रुग्णाला चक्कर आणणारी ही चाचणी पाहून नातेवाईक कधी रागावतात. त्यांना आधीच सांगावे लागते की चक्कर येणार आहे, ती मिनिटभरात जाणार आहे आणि मी हात सोडणार नाही. परंतु रुग्णाचे डोळे असे नाचले आणि बाकी तपासणीत काही वावगे नसले, तर एमआरआयची गरज उरत नाही. गाय गोठ्यातच राहते. त्या बाईंचे डोळे उजवा कान खाली करताच नाचले.

सूप पाखडावे तसे

कण पिशवीतून नलिकेत आले असतील तर डोके क्रमाक्रमाने फिरवून ते आल्या वाटेने परत पिशवीत नेता आले पाहिजेत, हा विचार अमेरिकेतील पोर्टलंडच्या डॉ. जॉन एपली यांनी मांडला. 1980 साली त्यांनी सहकाऱ्यांना ही पद्धत दाखवली तेव्हा त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. डोके इकडे-तिकडे वळवून रोग बरा होतो हे ऐकायला जादूटोण्यासारखेच वाटते. त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध व्हायला 1992 साल उजाडले. आज जगभर हाच पहिल्या पसंतीचा उपचार आहे.

आपल्या गृहिणींना यातले तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. सूप बेताने कलते करत तांदळातले खडे कडेला आणतात, तसलाच हा प्रकार. उजवा कान दोषी असेल तर चाचणीसारखेच मान उजवीकडे वळवून रुग्णाला मागे निजवतात. डोके मागे झुकलेले असते. चक्कर येऊन थांबेपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट, तसेच ठेवतात. मग डोके न उचलता हळूहळू डावीकडे अर्धा काटकोन येईपर्यंत वळवतात व पुन्हा तेवढेच थांबतात. त्यानंतर रुग्णाने सर्व अंगासकट डाव्या कुशीवर वळायचे. डोके आणखी वळून नाक जमिनीकडे यावे. पुन्हा थांबायचे. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या कुशीवरूनच उठून बसायचे. डाव्या कानासाठी सर्व उलट. एकूण पाच मिनिटांचे काम.

उठून बसताना क्षणभर मोठा झोक जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी व नातेवाइकाने दोन्ही बाजूंनी धरावे. नंतर पंधरा-वीस मिनिटे बसून राहावे आणि घरी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. पूर्वी दोन रात्री बसून झोपायला सांगत असत. तशी आवश्यकता नाही हे आता सिद्ध झाले आहे. दहापैकी सात-आठ रुग्णांना एक-दोन वेळांत आराम पडतो. उरलेल्यांत आठवड्याने पुन्हा करावे लागते. घर फिरणे थांबले तरी डोके हलके वाटणे, किंचित झोक जाणे काही दिवस राहते. त्याने घाबरू नये, हिंडावे-फिरावे. त्या बाईंची चाचणी आठवड्याने पुन्हा केली तेव्हा डोळे स्थिर होते. पट्टा त्यांनी आदल्या आठवड्यातच काढून टाकला होता.

काहींच्या आडव्या नलिकेत कण जातात. त्यांना दोन्ही कुशींवर जोरात फिरते आणि डोळ्यांची हालचालही आडवी होते. त्यासाठी अंग पूर्ण लोळवण्याची वेगळी पद्धत आहे. ती जाणकार नाक-कान-घसा तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी. मानेचे ऑपरेशन किंवा हाड मोडलेले, मानेला तीव्र संधिवात असलेले, डोळ्याचा पडदा सरकलेले रुग्ण यांनी तसे आधी सांगावे. त्यांच्यासाठी मान मागे न झुकवता करण्याच्या पद्धती आहेत.

आता प्रश्न येतो, घरी स्वतः करावे का? वर दिलेले वाचून लगेच पलंगावर प्रयोग करू नयेत. कान कोणता आणि नलिका कोणती हे ठरल्याखेरीज केलेली वळणे फुकट जातात, आणि चक्कर भलत्याच कारणाची असेल तर वेळही जातो. डॉक्टरांनी निदान करून एकदा दाखवून दिले, की मग सोबतीला कुणी असताना घरी करायला हरकत नाही.

गोळ्यांबद्दल थोडे कडक लिहितो. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या गोळ्या उलटी-मळमळ फार असेल तर दोन-चार दिवस उपयोगी पडतात. कण हलवण्याचे सामर्थ्य कोणत्याच गोळीत नाही, बीटाहिस्टीनमध्येही नाही. महिनोन् महिने घेतल्या तर पहिल्या दोन गोळ्यांनी सुस्ती येते, तोल आणखी बिघडतो, आणि म्हाताऱ्या माणसांत हात थरथरणे, अंग ताठरणे, चाल मंदावणे अशी कंपवातासारखी लक्षणे दिसू लागतात. मग त्यासाठी आणखी एक गोळी सुरू होते. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून पुन्हा-पुन्हा गोळ्या आणण्याची सवय सोडावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घकाळ चालू असलेली गोळी मात्र हा लेख वाचून परस्पर बंद करू नये. त्यांना विचारावे.

हा आजार कित्येकांत काही आठवड्यांत आपोआपही बरा होतो. म्हणून तर पट्टा, गोळी, अंगारा, लिंबू या सगळ्यांनाच थोडेथोडे यश मिळत आले आहे! आपोआप बरा होतो तर थांबायला काय हरकत, असे कुणी म्हणेल. तरुणाने थांबावे हवे तर. सत्तरीच्या आजींनी रात्री लघवीला उठताना एक गिरकी घेतली आणि खुब्याचे हाड मोडले, तर त्या पुन्हा स्वतःच्या पायावर उभ्या राहतीलच असे नाही. उपचार होईपर्यंत रात्री मंद दिवा असावा, उठताना आधी अंथरुणात मिनिटभर बसावे, शिडीवर, झाडावर, विहिरीच्या काठावर जाऊ नये, दुचाकी चालवू नये.

ही चक्कर ती नव्हे

काही वेळा चक्कर हे मोठ्या संकटाचे पहिले लक्षण असते, आणि ते ओळखता आले पाहिजे. चक्कर एक मिनिटात न थांबता तासन् तास सलग राहिली, आधाराशिवाय उभे राहता किंवा चालता येईना, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, अंगाच्या एका बाजूला बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, कधी नव्हे अशी डोकेदुखी सुरू झाली, तर तो मेंदूच्या मागच्या भागातील पक्षाघाताचा झटका असू शकतो. हातपाय हलतात म्हणून झटका नव्हे, असे समजू नये. लहान मेंदूच्या झटक्यात हातापायांत ताकद असते, फक्त तोल जातो. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अशा वेळी आमच्यासारख्या लहान दवाखान्यात न थांबता 108 ला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठावे.

छातीत दुखून किंवा धडधडून डोळ्यांपुढे अंधारी येणे, शुद्ध हरपणे, हे हृदयाचे काम असू शकते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कानाच्या तज्ज्ञांना दाखवावे. कानात आवाज, जडपणा, कमी ऐकू येणे आणि अर्धा-एक तास किंवा त्याहून अधिक टिकणारी चक्कर पुन्हा-पुन्हा येत असेल, तर तो मेनिएरचा आजार असू शकतो. त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन.

एकदा बरी झालेली ही चक्कर परत येते का? येते. पाच वर्षांच्या काळात जवळजवळ निम्म्या रुग्णांना ती पुन्हा गाठते. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी असते त्यांनी ते कॅल्शियमसह घेतल्यास पुन्हा येण्याचे प्रमाण कमी होते, असे कोरियात झालेल्या व 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणून वारंवार त्रास होणाऱ्यांनी ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे, आणि हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. पुन्हा चक्कर आलीच तर ती कोणत्या कुशीवर वळताना येते, किती वेळ टिकते, हे एका कागदावर टिपून डॉक्टरांकडे न्यावे. मागच्या वेळी उजवा कान होता म्हणून या वेळीही तोच असेल असे नाही, तेव्हा दोन्ही बाजूंची चाचणी नव्याने करून घ्यावी.